नोंद झाली, पण कुठे?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकले की पहिलटकरीण माहेरी जाते. पाटण तालुक्यातली सून तासगावला जाते, जतची लेक खटावच्या सासरहून जतला येते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सोयरिकी इतक्या गुंतलेल्या आहेत की बाळंतपणासाठीची ही ये-जा वर्षभर सुरूच असते. ओटीचे सामान जाते, साड्या जातात, लोहाच्या गोळ्यांची पिशवी जाते. सहा महिन्यांच्या तपासण्यांची नोंद मात्र अनेकदा मागे राहते. कार्ड सासरच्या कपाटात असते आणि संगणकातली नोंद सासरच्या उपकेंद्राच्या नावावर.

यात एवढे काय बिघडते, तपासण्या पुन्हा करता येतात, असे कुणी म्हणेल. काही करता येतात, काही नाही. रक्तदाबाचे उदाहरण पाहू. आठव्या महिन्यात दाब १५०/१०० आला, तर तो गर्भारपणामुळे वाढला की आधीपासूनच होता, हे ठरवायला विसाव्या आठवड्याच्या आधीचे आकडे लागतात. ते त्या वेळीच मोजलेले असावे लागतात. नंतर ते कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाहीत.

रक्तगटाची गोष्ट याहून बारीक आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्यावर तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. पहिल्या बाळाला सहसा त्याचा त्रास होत नाही. पुढच्या बाळाला होतो, कधी पोटातच. तो टाळण्यासाठी अँटी-डी नावाचे इंजेक्शन असते. ते अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे सातवा महिना. नेमका तेव्हाच घर बदलतो, दवाखाना बदलतो आणि जिल्हाही बदलतो. त्यात अडचण अशी, की पहिले इंजेक्शन घेतल्यावर काही आठवडे आईच्या रक्तात प्रतिपिंडे सापडू शकतात, ती इंजेक्शनमधून आलेली. इंजेक्शन दिल्याची नोंद समोर नसेल, तर माहेरच्या डॉक्टरला वाटू शकते की हिच्या शरीराने स्वतःच प्रतिपिंडे तयार केली आहेत, आता इंजेक्शनचा उपयोग नाही. मग दुसरा डोस राहतो. त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी जन्माला येणारे बाळ मोजते, आणि त्या वेळी एका न सापडलेल्या नोंदीची आठवण कुणालाही राहिलेली नसते.

कागदावर काय दिसते तेही पाहण्यासारखे आहे. साताऱ्याच्या यादीत ही बाई 'नोंदणी झाली, प्रसूतीची माहिती नाही' अशी उरते. सांगलीच्या यादीत ती 'नवव्या महिन्यात उशिरा नोंदणी' म्हणून नव्याने उगवते. एकाच बाईने दोन जिल्ह्यांचे आकडे बिघडवले, आणि तिने तर दोन्हीकडे अगदी वेळेवर तपासणी करून घेतली होती. बाळाची जन्मनोंदणी जिथे जन्म झाला तिथेच होते, कायदाच तसा आहे. मिरजेत जन्मलेल्या बाळाचा दाखला मिरजेचा, पहिल्या लसी मिरजेत आणि पुढच्या लसी पाटणला. म्हणजे एका वर्षात एकाच मायलेकरांच्या नोंदी चार-पाच ठिकाणी, वेगवेगळ्या संगणकांत पडतात.

हा प्रश्न आरोग्य खात्यालाच पडलेला नाही. दुसऱ्या एका क्षेत्राने तो पंचवीस वर्षांपूर्वी बऱ्यापैकी सोडवला आहे, आणि त्याची पद्धत डॉक्टरांनी आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. ते क्षेत्र म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्यांचा हिशेब.

घरच्या ब्रॉडबँडवर किंवा कॉलेजच्या वायफायवर ग्राहक जोडला गेला की तिथले यंत्र हिशेबाच्या सर्व्हरला कळवते: अमुक ग्राहक अमुक वेळी आत आला. मधून मधून ते सांगत राहते की अजून चालू आहे, आतापर्यंत इतका डेटा गेला. ग्राहक बाहेर पडला की शेवटची नोंद जाते. या तीन प्रकारच्या निरोपांवर बिल ठरते. अशी यंत्रे हजारो असतात, सर्व्हर अनेक असतात, त्यांच्यामागे माहितीसाठे अनेक असतात, आणि मधली वाट कधीही तुटते. रेडियस नावाच्या पद्धतीत या निरोपांचे नियम ठरलेले आहेत. ते जून २००० मध्ये आरएफसी २८६६ या क्रमांकाच्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. दस्तऐवज छोटा आणि रूक्ष आहे, पण त्यातले काही नियम कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर लावून ठेवावेत असे आहेत.

पहिला नियम पोचपावतीचा. नोंद नीट लिहून झाल्याशिवाय सर्व्हरने 'मिळाली' असे उत्तर द्यायचेच नाही. लिहिता आले नाही तर गप्प बसायचे. उत्तर आले नाही की पाठवणारे यंत्र तोच निरोप पुन्हा पाठवते, पुन्हा पाठवते, आणि मुख्य सर्व्हर बंद असेल तर दुसऱ्याकडे पाठवते. पोचपावती हातात पडेपर्यंत मूळ नोंद टाकून द्यायची नाही. सातारा-सांगलीतल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. दूध संकलन केंद्रावर लिटर आणि फॅट संस्थेच्या वहीत चढते आणि आपल्या चिठ्ठीवरही येते. चिठ्ठी हातात आल्याशिवाय किटली उचलून घरी जाणारा शेतकरी विरळाच. ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला तरी तेच. आरोग्याच्या नोंदीत मात्र हा साधा व्यवहार सैल पडतो. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात आरोग्यसेविका फोनवर माहिती भरते, तिथे रेंज नसते. माहिती फोनमध्ये साठली आणि माहिती सर्व्हरवर पोहोचली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर उमटणारी हिरवी खूण यातली कोणती गोष्ट सांगते, हे तिला स्पष्ट दिसायला हवे. नाहीतर फोन बिघडला, बदलला, ॲप काढून पुन्हा टाकले, की महिन्याभराचे काम गेले. आणि गेल्याचे कळतही नाही, कारण प्रत्येकाच्या लेखी नोंद 'झालेली' असते.

दुसरा नियम उशिराबद्दलचा आहे, आणि तो सगळ्यांत शहाणा म्हणावा लागेल. निरोप पाठवायला उशीर झाला, तर किती सेकंदांपासून प्रयत्न चालू आहे तेही यंत्र निरोपातच लिहिते. म्हणजे घटना कधी घडली आणि नोंद कधी पोहोचली, या दोन वेळा वेगळ्या राहतात. उशीर लपवला जात नाही आणि उशिराची शिक्षाही होत नाही. तो फक्त मोजला जातो.

या दोन वेळा एकच मानल्या की काय होते, हे महाराष्ट्राने १६ जून २०२० रोजी पाहिले. त्या दिवशी राज्याच्या कोविड मृत्यूंच्या एकूण आकड्यात एकदम १,३२८ जुन्या मृत्यूंची भर पडली. त्यांतले ८६२ मुंबईचे आणि ४६६ उर्वरित राज्यातले होते. एका रात्रीत काही आक्रीत घडले नव्हते. हे मृत्यू आधीच्या आठवड्यांतले होते, तोवर बेरजेत आलेले नव्हते इतकेच. चाचणीचा निकाल प्रयोगशाळा आयसीएमआरच्या पोर्टलवर भरत होती. रुग्ण दाखल झाला, बरा झाला की गेला, हे रुग्णालय दुसऱ्या पोर्टलवर भरत होते. जिल्ह्याची यादी तिसरीच. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नमुना तपासलेला, कराडमध्ये दाखल झालेला आणि कोल्हापुरात गेलेला रुग्ण मूळचा सांगली जिल्ह्यातला असेल, तर तो नेमका कुणाच्या बेरजेत? एका माणसाच्या तीन चाचण्या झाल्या तर पोर्टलवर नोंदी तीन. नाव एकीकडे 'संभाजी', दुसरीकडे 'सांभाजी'. वय एकीकडे ५८, दुसरीकडे ६०. हे सगळे जुळवायला माणसे बसली आणि मग तो आकडा बाहेर आला. पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्येही जुने मृत्यू असेच टप्प्याटप्प्याने बेरजेत चढले.

सरकारने आकडे लपवले, असा आरोप त्या वेळी सर्रास झाला. काही ठिकाणी चालढकल झाली असेलही. पण नोंदी जुळवण्याचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की तीन माहितीसाठ्यांत मेळ नसेल तर लपवण्याचा हेतू नसतानाही आकडा चुकतो, आणि लपवणाऱ्यालाही त्याच गोंधळाची सोय मिळते. हेतू कोणता होता हे बाहेरून ओळखता येत नाही. विश्वास तिथेच जातो. राज्याच्या त्या काळातल्या रोजच्या पत्रकात पुढे 'एकूण मृत्यूंपैकी इतके गेल्या ४८ तासांतले, इतके गेल्या आठवड्यातले, उरलेले त्याआधीचे' असा खुलासा येऊ लागला. कोरडे वाक्य, पण त्याने मोठे काम केले. वाचणाऱ्याला कळले की आजचा आकडा म्हणजे आजचे मृत्यू नव्हेत. असा खुलासा डेंग्यूच्या, क्षयाच्या, बालमृत्यूच्या आकड्यांसोबतही छापायला काय हरकत आहे?

वेळेचीच आणखी एक गंमत. गंमत म्हणायची ती भोगावी लागत नाही तोवर. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत चालतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. १५ तारखेला पहाटे दोन वाजता जन्मलेले बाळ जागतिक वेळेनुसार १४ तारखेला रात्री साडेआठला जन्मलेले असते. एका संगणकाने वेळ बदलून घेतली आणि दुसऱ्याने नाही, तर दोन नोंदींत जन्मतारीख वेगळी. जुळवणारा संगणक म्हणतो, ही दोन निराळी बाळे आहेत. तारीख लिहिण्याच्या पद्धतीचेही तसेच. शेवटच्या पाळीची तारीख ०५/०३ अशी लिहिली आणि वाचणाऱ्या संगणकाने आधी महिना धरला, तर पाच मार्चचे तीन मे होते. बाळंतपणाची अपेक्षित तारीख ५९ दिवसांनी सरकते. पूर्ण दिवसांच्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे ठरवायला एवढे पुरते.

आता दुहेरी नोंदीकडे. पोचपावती मिळेपर्यंत पुन्हा पाठव, असे सांगितले की एक गोष्ट अटळ होते: कधीतरी नोंद पोहोचलेली असते आणि पोचपावती वाटेत हरवते. यंत्र पुन्हा पाठवते, कदाचित दुसऱ्या सर्व्हरला. मग दोन साठ्यांत एकच नोंद दोनदा. नेटवर्कवाल्यांनी याचा त्रागा केला नाही. त्यांनी प्रत्येक जोडणीला ओळख क्रमांक दिला, आणि एकाच क्रमांकाची नोंद कितीही वेळा आली तरी बेरजेत एकदाच धरायची असे ठरवले. क्रमांक एकटा पुरत नाही, कारण यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की तेच क्रमांक परत येऊ शकतात; म्हणून तो कोणत्या यंत्राचा आणि केव्हाचा, हेही सोबत पाहतात. रुग्णालयातल्या केसपेपरची हीच गत आहे. १ जानेवारीला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. वर्ष न लिहिता नुसता '२३१५' लिहिलेला जुना रिपोर्ट कुणाचाही असू शकतो.

माणसांना ओळख क्रमांक देणे यंत्रांना देण्याइतके सोपे नाही. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलू शकतात. माहेरच्या आधार कार्डावर एक, सासरच्या रेशन कार्डावर दुसरे. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. मोबाइल क्रमांकावर भिस्त ठेवावी, तर घरात फोन एक आणि तो नवऱ्याकडे. कोविनवर एका मोबाइल क्रमांकावर आधी चार आणि नंतर सहा जणांची नोंदणी करता येत होती, ती याच वास्तवामुळे. तरीही अनेकांनी दुसरा डोस वेगळ्या क्रमांकावर घेतला आणि त्यांच्या हाती दोन पहिल्या डोसांची दोन प्रमाणपत्रे पडली. अशी प्रमाणपत्रे एकत्र करण्याची सोय पुढे पोर्टलवर द्यावी लागली. चुकीने 'लसीकरण पूर्ण' दिसणाऱ्याची नोंद मागे घेण्याची सोयही जानेवारी २०२२ मध्ये आली. चूक झाली हे मान्य करून दुरुस्तीचे दार ठेवणे, ही त्या व्यवस्थेतली चांगली गोष्ट होती. बऱ्याच सरकारी पोर्टलांना हे दार नसते. एकदा 'सबमिट' दाबले की चूक अमर होते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाले. त्यातला चौदा अंकी आभा क्रमांक हा ओळखीचा प्रश्न सोडवण्यासाठीच आहे. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. सगळ्या नोंदी दिल्लीतल्या एका मोठ्या संगणकात गोळा करायच्या नाहीत. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहणार, आणि रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला ती पाहता येणार. कल्पना योग्य आहे. पण क्रमांक असून भागत नाही, तो प्रत्येक खिडकीवर विचारला आणि जोडला गेला पाहिजे. सकाळी साडेनऊला ओपीडीच्या रांगेत दोनशे माणसे असतात आणि केसपेपर काढणारे हात दोन. तिथे 'आभा आहे का, मोबाइलवर ओटीपी आला का' हे विचारायला वेळ कुणाला? रांग पुढे सरकते, आभाचा रकाना रिकामा राहतो, आणि पाचव्या भेटीचा रुग्ण संगणकाला पाचव्यांदा नवा दिसतो.

अनेक सर्व्हर आणि अनेक साठे ठेवायचे म्हटले की एक अवघड निवड समोर येते. एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञाने ती २००० मध्ये मांडली आणि दोन वर्षांनी गिल्बर्ट आणि लिंच यांनी तिची गणिती सिद्धता दिली. दोन साठ्यांमधली तार तुटली, तर दोनच वाटा उरतात. एक, तार जुळेपर्यंत नवी नोंद घेणे थांबवा, म्हणजे दोन्हीकडे मेळ राहील. दोन, नोंदी घेत राहा आणि तात्पुरता मेळ सोडा. तार तुटलेली असताना काम चालूही राहील आणि दोन्हीकडे तंतोतंत मेळही राहील, असे होत नाही. ही पैशाची किंवा हुशारीची कमतरता नव्हे.

रुग्णालयात ही निवड एकच एक उत्तर देऊन होत नाही. अपघात विभागात रुग्ण आला आणि सर्व्हर बंद आहे म्हणून नोंद थांबवली, तर तो निर्दयपणा होईल. तिथे कागदावर लिहा, तात्पुरता क्रमांक द्या, नंतर जुळवा. रक्तपेढीत मात्र उलटे. ओ निगेटिव्हची एकच पिशवी शिल्लक आहे आणि ती दोन वॉर्डांना दोन संगणकांवर उपलब्ध दिसते आहे. दोघांनीही राखून ठेवली, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर घात होईल. तिथे मेळ नसेल तर थांबायचे आणि पिशवी डोळ्यांनी पाहूनच पुढे जायचे. कोणती नोंद चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे संगणक कंपनीने ठरवायचे नसते. ते डॉक्टर, परिचारिका आणि रक्तपेढीच्या तंत्रज्ञांनी आधीच बसून ठरवायचे असते, तार तुटण्याच्या आधी.

तार तुटते हे सांगलीकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. रस्ते बंद, वीज बंद, फोन बंद. नोंदींच्या दोन प्रती ठेवा म्हटले की कार्यालयात तळमजल्यावर एक संगणक आणि शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर दुसरा, असे केले जाते. दोन्ही प्रती एकाच नदीकाठी असतील तर पुराच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. दुसरी प्रत निदान दुसऱ्या गावात हवी, उंचावर हवी, आणि ती उघडते का हे वर्षातून एकदा तरी, पावसाळ्याआधी, उघडून पाहायला हवे. न उघडलेल्या प्रतीवर कुणी भरवसा ठेवू नये.

प्रती बुडण्याचे दुसरेही मार्ग आहेत. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस ही संगणक प्रणाली बंद झाली आणि रुग्णालये पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागली. तेव्हा पूर नव्हता, भूकंप नव्हता. प्रणाली चालवण्याचा करार करताना पहिल्याच पानावर असे कलम हवे की काम थांबले तरी रुग्णांच्या सर्व नोंदी, दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा स्वरूपात, रुग्णालयाच्या ताब्यात राहतील. घर भाड्याने घेताना आपण सामानाची यादी करतो. इथे तर सामान लोकांच्या आजारांचे आहे.

नेटवर्कच्या हिशेबात आणखी एक निरोप असतो. यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले की ते सर्व्हरला सांगते, 'मी आत्ताच उठलो.' मग सर्व्हर त्या यंत्रावरच्या जुन्या उघड्या नोंदी संपल्या असे धरतो. नाहीतर जो ग्राहक कधीच निघून गेला तो अनंत काळ 'चालू' दिसत राहील. आरोग्याच्या नोंदींत असे अनंत काळ 'चालू' असलेले रुग्ण भरपूर आहेत. डिस्चार्ज झाला, पण संगणकात पलंग भरलेलाच. क्षयरोगाचे औषध संपून वर्ष झाले, पण निकालाचा रकाना कोरा.

क्षयरोगाचा विषय निघालाच आहे तर ऊसतोड मजुरांचे बोलायला हवे. दिवाळीच्या सुमारास बीडहून, आणि जतसारख्या दुष्काळी भागातूनही, जोड्या वाळवा-कराडच्या पट्ट्यात येतात. हंगाम पाचेक महिन्यांचा. नेहमीच्या क्षयरोगाचे औषध सहा महिन्यांचे. म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर निदान झालेल्या रुग्णाचा कोर्स इथे पूर्ण होणे जवळपास अशक्य. फडावर सुरू झालेले औषध गावी संपवावे लागणार. निक्षय ही क्षयरोगाची देशव्यापी नोंदप्रणाली २०१२ पासून आहे आणि तिच्यात रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्याची सोय आहे. पाठवणाऱ्याने पाठवून काम संपत नाही, घेणाऱ्याने तो स्वीकारावा लागतो. म्हणजे पोचपावतीची व्यवस्था तिथे आहे. मात्र न स्वीकारलेल्या रुग्णाच्या मागे फोन करून कुणीतरी लागावे लागते. ते झाले नाही तर तो माणूस सांगलीत 'उपचार सोडलेला' ठरतो आणि बीडमध्ये 'नवा रुग्ण'. नवा रुग्ण आणि मध्येच औषध सुटलेला रुग्ण यांच्यात वैद्यकीयदृष्ट्या मोठा फरक आहे. दुसऱ्याच्या शरीरातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले असण्याची शंका जास्त घ्यावी लागते. पोषणासाठी मिळणारे पैसे, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये, हेही या नोंदीवरच अवलंबून असतात.

इथपर्यंत यंत्रांचे नियम माणसांना लागू पडले. एका जागी ते पडत नाहीत. नेटवर्कचे यंत्र साहेबाला घाबरत नाही. आरोग्यसेविका घाबरते. महिनाअखेरीस उद्दिष्ट गाठायचे असते, आढावा बैठकीत आकडा विचारला जातो, उशिरा भरलेल्या नोंदीसाठी नोटीस निघते. मग नोंद वेळेवर दिसावी म्हणून तारीख मागे घेतली जाते, किंवा तपासणी उद्या करायची असताना आजच भरली जाते. यात तिचा दोष शोधणे सोपे आहे आणि चुकीचेही. एकाच गरोदर बाईची माहिती ती रजिस्टरमध्ये लिहिते, कार्डावर लिहिते, पोर्टलवर भरते, शिवाय वरून आलेल्या एक्सेल तक्त्यात आणि व्हॉट्सॲपवरही पाठवते. जितक्या वेळा हाताने उतरवायचे, तितक्या चुका वाढणार. नवे ॲप काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आधी जुने कोणते बंद करणार ते जाहीर करावे, ही अट घातली तरी बरेच साधेल.

आणि जुळवणीला स्वतंत्र माणसे लागतात. इंटरनेट कंपनी बिल काढण्याआधी वेगवेगळ्या साठ्यांतले हिशेब ताडून पाहते, कारण चूक झाली तर पैसा जातो. जिल्हा आरोग्य कार्यालयात दोन साठ्यांची रोज गाठ घालून 'या चौदा नोंदी जुळत नाहीत' अशी यादी काढणारा आणि त्या चौदा घरी फोन करणारा माणूस कोण? बहुतेक ठिकाणी ते काम कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या उरलेल्या वेळात होते. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या कार्यालयांनी निदान शेजारच्या जिल्ह्यात गेलेल्या गरोदर बायांची आणि क्षयरुग्णांची न जुळलेली यादी दर आठवड्याला एकमेकांना द्यावी. त्यासाठी नवा सर्व्हर लागत नाही, मुंबईची परवानगी लागू नये, आणि दोन कार्यालयांतले अंतर एसटीने चार तासांच्या आतले आहे.

घरच्यांनी काय करावे, एवढेच राहिले. माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाणाऱ्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवावे आणि त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो दोन फोनमध्ये असावा, एक नवऱ्याच्या आणि एक तिच्या आईच्या किंवा भावाच्या. फोटोत तारखा आणि आकडे वाचता येतात का ते मोठे करून पाहावे. इंजेक्शन घेतले असेल तर त्याचे नाव कार्डावर लिहून घ्यावे. 'सुई दिली' एवढे पुरत नाही. माहेरच्या दवाखान्यात पहिल्या दिवशीच सांगावे की आधीची नोंदणी दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि नोंदणीचा क्रमांक हा. खिडकीवरचा माणूस म्हणेल, नवीन काढू या, ते लवकर होते. जुनाच शोधायला सांगावा.